ड्रिल मशीनचा नवा चक : आधी टेपर मोजावा, मग बाजार गाठावा

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांची देखभाल करणारी वर्कशॉप, शहरातले ग्रिल-गेट बनवणारे फॅब्रिकेटर, पोलादपूरला महामार्गाच्या कडेची गॅरेज. या सगळ्यांकडे वेल्डिंगच्या जोडीला एक मशीन हमखास असते : ड्रिल मशीन. कुठे बाकावर बसवलेले १३ मिलिमीटरचे, कुठे जमिनीवर उभे असलेले २० किंवा २५ मिलिमीटरचे पिलर ड्रिल. त्याची मोटर जळली तर रिवाइंडिंग जवळपास होते, पट्टा तुटला तर गावातच मिळतो. चकाचे मात्र तसे नाही. जबडे झिजले, बिट घसरू लागले आणि नवा चक घ्यायचा ठरला की हार्डवेअरच्या दुकानात पुढे येतो तो बहुधा हँड ड्रिलचा, आट्यांवर बसणारा चक. तो ड्रिल मशीनला सहसा बसत नाही.

हवा तसा चक निवडून घ्यायचा तर मुंबईतली नागदेवी स्ट्रीट किंवा पुणे. नागदेवी महाडपासून दीडशे किलोमीटरहून लांब आणि पुण्याकडे जाणारा वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद. ऑनलाइन मागवला तरी चुकीचा आलेला चक परत पाठवण्यात आठवडा जातो, आणि तोवर मशीन उभे. म्हणून या खरेदीची सुरुवात चकाच्या किमतीपासून किंवा कंपनीच्या नावापासून करून चालत नाही. ती स्पिंडलच्या टेपरपासून, म्हणजे चक जिथे बसतो त्या निमुळत्या भागापासून, करावी लागते. आणि बिनचावीचा, म्हणजे कीलेस चक घ्यायचा असेल, तर आपल्या कामाला तो मानवेल का, हा प्रश्नही घर सोडण्याआधी सुटलेला बरा.

दोष चकाचाच आहे ना?

बिट थरथरत फिरताना दिसले की पहिला संशय चकावर जातो. प्रत्यक्षात दोष बिटाचा, स्पिंडलचा किंवा बेअरिंगचाही असू शकतो. तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी. बिट काचेवर किंवा सपाट प्लेटवर लोळवून पाहिले की वाकडे असल्यास लगेच कळते. मग मशीन बंद करून क्विल, म्हणजे स्पिंडलसकट वर-खाली होणारी नळी, खाली आणावी आणि चक हाताने डावीकडे-उजवीकडे हलवावा. खटखट जाणवली तर ढिलाई बेअरिंगमध्ये किंवा क्विलमध्ये आहे, आणि ती नव्या चकाने जाणार नाही.

त्यानंतर डायल गेजची पाळी. स्वतःकडे नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडून तासाभरासाठी आणावा. चक उतरवून डायलची सुई थेट स्पिंडलच्या टेपरवर टेकवावी आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा. इथेच सुई ०.०५ मिलिमीटरहून जास्त हलत असेल, तर महागड्या चकावर खर्च करण्यात अर्थ नाही. आधी बेअरिंग बदलावे. स्पिंडल सरळ निघाला तर चक परत चढवून त्यात १० मिलिमीटरची ग्राइंड केलेली डॉवेल पिन धरावी आणि पुन्हा मोजावे. साध्या चावीच्या चकात ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, नेहमीच दिसतो. चांगल्या प्रतीचा कीलेस चक तो ०.०५ किंवा त्याखाली आणतो.

हा फरक कोणाला जाणवतो? एम-१२ च्या बोल्टसाठी अँगलमध्ये १४ मिलिमीटरचे भोक पाडणाऱ्याला अजिबात नाही. एम-६ च्या टॅपसाठी ५ मिलिमीटरचे किंवा एम-८ साठी ६.८ चे भोक पाडणाऱ्याला मात्र चांगलाच जाणवतो, कारण डगमगणारे बिट भोक मोठे करते आणि आटे उथळ पडतात. दीड मिलिमीटरचे बिट तर डगमगत्या चकात तुटतेच.

आणखी एक स्वस्त शक्यता नेहमी विसरली जाते. चक चांगला असतो, झिजलेली असते ती चावी. दाते बोथट झालेल्या चावीने चक पुरेसा आवळला जात नाही आणि बिट घसरते. अशा वेळी त्याच मापाची नवी चावी आणावी, जबडे रॉकेलने धुऊन हलके तेल द्यावे. पुष्कळदा काम तेवढ्यावर भागते.

बिनचावीचा चक धरतो कसा

अमेरिकेत आर्थर जेकब्स यांनी १९०२ साली ज्या चकाचे पेटंट घेतले, त्याच धाटणीचा दातेरी चावीचा चक आजही बहुतेक मशीनवर दिसतो. त्याची पकड माणसाच्या हातावर अवलंबून असते : चावीने जितके आवळावे तितके तो धरतो.

ड्रिल मशीनसाठीच्या कीलेस चकाचे तंत्र वेगळे आहे. नर्लिंग केलेले बाहेरचे कवच हाताने फिरवले की आतला स्क्रू तीन जबड्यांना पुढे ढकलतो; जबडे शंकूच्या आकाराच्या पोकळीत सरकत एकमेकांजवळ येतात आणि बिट धरतात. कापायला सुरुवात झाली की बिटाला होणारा विरोध हाच स्क्रू आणखी आवळतो. म्हणजे काम जड, तशी पकडही घट्ट. जर्मनीच्या आल्ब्रेख्ट आणि र्‍योम या कंपन्यांची नावे या प्रकारात जगभर घेतली जातात. तैवान आणि चीनमध्ये बनलेले चकही आपल्याकडे मिळतात. हँड ड्रिलवर प्लास्टिकच्या कवचाचा जो बिनचावीचा चक असतो, त्याची या चकाशी गल्लत करू नये.

फायदे उघड आहेत. सेंटर ड्रिल, मग पायलट, मग शेवटचे माप अशी एका भोकामागे तीनदा बिट बदलणाऱ्याचा वेळ वाचतो. चकात राहिलेली चावी मशीन सुरू होताच उडून तोंडावर येण्याचा धोकाही संपतो. आयटीआयमधून नुकताच आलेला शिकाऊ मुलगा मशीनवर असेल, तर केवळ या एका कारणासाठीही कीलेस चकाचा विचार करावा.

कुठे अडतो

जी करामत सुलट फिरताना पकड घट्ट करते, तीच उलट फिरताना पकड सैल करू शकते. त्यामुळे मशीनवर टॅप मारून तो उलट फिरवत बाहेर काढायचा असेल, तर साधा कीलेस चक उपयोगाचा नाही. टॅप भोकात अडकतो आणि चक मोकळा होऊन वर येतो. अशा कामाला चावीचा चक किंवा खास टॅपिंगची जोडणीच लागते.

थ्री-फेज मोटर असलेल्या पिलर ड्रिलवर याचा एक अनपेक्षित त्रास होतो. मोटर दुरुस्त होऊन आली, किंवा वादळात तुटलेली लाइन पुन्हा जोडली गेली, की कधीकधी फेजची अदलाबदल होते आणि स्पिंडल उलटा फिरू लागतो. चावीच्या चकात हे बिट कापेनासे झाल्यावर कळते. कीलेस चकातून बिट सुटून खाली पडू शकते. असे कुठलेही काम झाल्यावर चकात बिट न घालता मशीन क्षणभर चालवावे आणि फिरण्याची दिशा पाहावी.

दुसरी अडचण उलट टोकाची. १२ मिलिमीटरच्या बिटाने जाड प्लेटमध्ये भोक पाडल्यावर, किंवा पत्र्यातून आरपार जाताना बिटाने झटका घेतल्यावर, चक इतका आवळला जातो की हाताने सुटत नाही. त्यासाठी आकडा असलेला पाना, म्हणजे हुक स्पॅनर लागतो. खरेदीच्या वेळीच तो सोबत आहे का ते पाहावे. तो नसला की पाइप पाना लागतो आणि नर्लिंगची वाट लागते. होल सॉसारखी झटके देणारी हत्यारेही या चकाला वारंवार जखडून टाकतात. बाजूने रेटणारे काम, म्हणजे ड्रिल मशीनवर एंड मिल लावून खाच पाडणे वगैरे, तर कोणत्याच ड्रिल चकाचे काम नाही.

थोडक्यात, दिवसभर वेगवेगळ्या मापांची भोके पाडणाऱ्या देखभाल विभागाला, टूल रूमला, छोटी बिटे वापरणाऱ्याला कीलेस चक सोयीचा. शेडच्या कैच्यांसाठी आठवडाभर एकाच मापाची भोके पाडणाऱ्या फॅब्रिकेटरला चांगला चावीचा चक पुरतो, आणि उरलेले पैसे चांगल्या बिटांवर खर्च करता येतात. स्टेनलेस स्टीलच्या फ्लँजवर काम करणाऱ्याला कीलेसची पकड उपयोगी पडते, कारण ३०४ सारखे स्टील बिट घसरले की त्या जागी कडक होते आणि मग कापता कापत नाही. तिथेही वेग कमी, दाब ठाम आणि कूलंट सतत हवेच. या तिन्हींची उणीव चक भरून काढत नाही.

टेपरची ओळख

स्पिंडलवर चक बसवण्याच्या मुख्य पद्धती दोन. बाकावरच्या लहान मशीनमध्ये स्पिंडलचे टोकच निमुळते असते आणि चक त्यावर थेट ठोकून बसवलेला असतो. मोठ्या पिलर ड्रिलमध्ये स्पिंडल आतून पोकळ असतो. त्या पोकळीला मोर्स टेपर म्हणतात. तिच्यात आर्बर, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता दांडा, बसतो आणि आर्बरच्या दुसऱ्या टोकावर चक. क्विल खाली आणल्यावर स्पिंडलमध्ये आरपार लांबट खाच दिसली, की मशीन मोर्स टेपरचे आहे हे नक्की.

मोर्स टेपर ओळखणे सोपे. तोंडाचा व्यास साधारण १२.१ मिलिमीटर असेल तर एमटी-१, १७.८ असेल तर एमटी-२ आणि २३.८ असेल तर एमटी-३. २५ मिलिमीटरच्या पिलर ड्रिलला बहुधा एमटी-३ असतो. स्पिंडल एमटी-३ असताना दुकानदाराकडे एमटी-२ चा आर्बर असेल, तर तो स्लीव्ह घालून बसवायचा सल्ला मिळतो. चालते, पण जोड एक वाढला की चूकही वाढते. सरळ एमटी-३ चा आर्बर मागावा.

खरी फसगत होते ती चकाच्या बाजूच्या छोट्या टेपरमध्ये. इथे दोन घराणी आहेत. जर्मन मापांची बी मालिका : बी-१२, बी-१६, बी-१८. आणि जेकब्स टेपर : जेटी-२, जेटी-३३, जेटी-६. जुन्या चकाच्या अंगावर बहुतेक वेळा माप कोरलेले असते, उदाहरणार्थ, १–१३ बी-१६. गंज आणि ग्रीस पुसून ते शोधावे. सापडले तर अर्धे काम झाले.

खोडले गेले असेल तर व्हर्नियर हाती घ्यावा. निमुळत्या टोकाच्या जाड बाजूचे व्यास असे : बी-१२ चा १२.०६५ मिलिमीटर, जेटी-२ चा १४.१९९, बी-१६ चा १५.७३३, जेटी-३३ चा १५.८५०, जेटी-६ चा १७.१७० आणि बी-१८ चा १७.७८०. बी-१६ आणि जेटी-३३ यांत फरक दशांश मिलिमीटरहून जेमतेम जास्त. त्यामुळे एकाच ठिकाणी मोजून निर्णय घेऊ नये. टेपरवर बारीक पेनाने २० मिलिमीटर अंतरावर दोन रेघा माराव्यात आणि दोन्ही ठिकाणचा व्यास मोजावा. फरक १ मिलिमीटरच्या आसपास आला तर बी-१६. सव्वा मिलिमीटरहून किंचित जास्त आला तर जेटी-३३. जेटी-६ चा उतारही बी-१६ इतकाच भासतो, पण त्याची जाडी जवळजवळ दीड मिलिमीटरने जास्त असल्याने तिथे गोंधळ होत नाही.

बी-१६ चा चक जेटी-३३ वर दाबून बसवता येतो, आणि म्हणूनच तो घातक आहे. वरवर घट्ट वाटतो, पण तो फक्त एका कडेवर टेकलेला असतो. पहिल्या जड भोकात तो फिरतो आणि स्पिंडलचे टोक ओरखडून ठेवतो. टेपरमध्ये पत्र्याची पट्टी किंवा कागद घालून, नाहीतर चिकटद्रव्य ओतून हा फरक भरण्याचा उद्योग करू नये. खात्री करायची असेल तर टेपरवर मार्करने उभ्या तीन रेघा ओढाव्यात, चक हाताने दाबून किंचित फिरवावा आणि काढून पाहावे. रेघा सगळ्या लांबीवर सारख्या पुसल्या तर जोडी जुळली. फक्त वरच्या किंवा खालच्या टोकाला पुसल्या तर नाही.

जुना चक उतरवताना

मोर्स टेपरच्या मशीनमध्ये खाचेत ड्रिफ्ट, म्हणजे निमुळती पाचर, घालून हलका ठोका दिला की आर्बरसकट चक खाली येतो. त्याआधी टेबल वर आणून त्यावर लाकडाची फळी ठेवावी.

थेट टेपरवर बसलेल्या चकासाठी पाचरींची जोडी लागते. चक आणि क्विल यांच्यातल्या फटीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर त्या घालून सारख्या ठोकाव्यात. एकाच बाजूने छन्नी मारली की चक निघतोही, पण दणका स्पिंडलच्या बेअरिंगला बसतो. काही मशीनमध्ये चकाच्या वर एक आट्यांची कडी असते. तिथे ती कडी फिरवून चक खाली ढकलायचा असतो. ठोकण्यापूर्वी हे बघून घ्यावे. चावीच्या चकाच्या तळाला मधोमध भोक पाडून आर्बर आतून ठोकून काढण्याची जुनी युक्ती आहे. कीलेस चकावर ती कधीही वापरू नये, कारण त्याच जागी त्याची आतली यंत्रणा असते.

माप, लांबी आणि हातातली परीक्षा

१६ मिलिमीटरचा चक १३ पेक्षा चांगला, असा समज असतो. पण ३ ते १६ च्या चकात अडीच मिलिमीटरचे बिट धरताच येत नाही. शिवाय पिलर ड्रिलला मोर्स टेपर असेल, तर १३ मिलिमीटरच्या पुढची भोके टेपर शँकच्या बिटाने थेट स्पिंडलमध्ये लावून पाडावीत. ती पकड कोणत्याही चकापेक्षा भक्कम असते. अशा मशीनला १ ते १३ चा चक पुरतो.

कीलेस चक चावीच्या चकापेक्षा सहसा लांब असतो. बाकावरच्या लहान मशीनमध्ये टेबलावर व्हाइस, व्हाइसमध्ये वस्तू आणि वर लांब बिट असे सगळे बसवायचे तर दोन सेंटिमीटरही जड जातात. टेबल सर्वांत खाली नेऊन स्पिंडलपासूनचे अंतर मोजावे आणि घ्यायच्या चकाची लांबी विक्रेत्याला विचारावी. लांबी वाचवायची असेल तर ज्यात चक आणि मोर्सचा दांडा एकसंध असतो, तो प्रकार पाहावा. त्यात एक जोडही कमी होतो; मात्र असा चक दुसऱ्या टेपरच्या मशीनला लावता येत नाही.

दुकानात चक हातात घेतल्यावर जबडे पूर्ण मिटवून उजेडाकडे धरावेत. तिन्ही टोके एकाच वेळी, एकाच पातळीवर भेटली पाहिजेत. सोबत नेलेले १ मिलिमीटरचे बिट आणि १० मिलिमीटरची डॉवेल पिन दोन्ही धरून पाहावीत. कवच फिरवताना कुठे खरखर किंवा अडखळ नको. चकाच्या मागच्या पोकळीत बोट फिरवून ग्राइंडिंग गुळगुळीत आहे का ते तपासावे. रनआउटचा आकडा खोक्यावर किंवा कागदावर छापलेला असेल तर तो बिलावरही लिहून घ्यावा. परत करण्याची वेळ आली तर तो उपयोगी पडतो. जबडे सुटे मिळतात का, हेही विचारून ठेवावे.

विक्रेत्याला फोनवर सांगायची किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायची माहिती अशी : स्पिंडल मोर्स की थेट टेपर, त्याचा क्रमांक, दोन ठिकाणचे व्यास, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे बिट, टॅपिंग करायचे आहे की नाही, आणि टेपरचा स्पष्ट फोटो.

बसवणे

टेपरवरचे तेल थिनरने पुसून दोन्ही पृष्ठभाग पूर्ण कोरडे करावेत. टेपर घर्षणावर धरतो, त्यामुळे तिथे तेल किंवा ग्रीस नको. कुठे उंचवटा उठला असेल तर बारीक ऑइल स्टोनने तेवढाच काढावा. कानस लावू नये. मग जबडे पूर्ण आत ओढून घ्यावेत. ते बाहेर असताना ठोकले तर जबड्यांची टोके खराब होतात. चक हाताने दाबून बसवावा आणि लाकडी मोगरीने खालून एक-दोन सरळ ठोके द्यावेत. लोखंडी हातोडा वापरू नये. मोर्स आर्बरच्या टोकाची चपटी जीभ खाचेत नीट शिरली आहे का ते आधी बघावे. शेवटी डायल पुन्हा लावून नवा आकडा लिहून ठेवावा.

मशीन बंद केल्यावर फिरता कीलेस चक हाताने धरून थांबवण्याची सवय लागू देऊ नये. चावी नसल्याने हात तिकडे आपोआप जातो. हातमोजे घालून तर मशीनजवळ उभेच राहू नये.

पाऊस, गाळ आणि पूर

महाड-पोलादपूरला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जूनपासून हवेतला ओलावा चकाच्या आत शिरून गंजाचे काम सुरू करतो. रोज काम संपल्यावर जबडे उघडून आत हलके तेल द्यावे आणि कोरड्या कापडाने चक पुसावा. जाड ग्रीस भरू नये. त्याला लोखंडाचा कीस चिकटतो. कॉम्प्रेसरची हवा खालून जबड्यांत मारणे ही सर्वांत वाईट सवय, कारण कीस बाहेर येण्याऐवजी स्क्रूपर्यंत पोचतो. कटिंग व्हीलची ठिणगी आणि धूळ ड्रिल मशीनच्या दिशेला येत असेल, तर ग्राइंडरची जागा बदलावी. आतल्या स्क्रूमुळे कीलेस चकाला या बाबतीत चावीच्या चकाहून जास्त जपावे लागते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पुरुषभर उंचीहून जास्त पाणी होते. सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी आणि गाळ कित्येक वर्कशॉपमध्ये शिरला. पिलर ड्रिल उचलून वर नेणे शक्य नसते. पण मोर्स टेपरचा चक ड्रिफ्टने मिनिटभरात उतरतो आणि पिशवीत मावतो. ड्रिफ्ट मशीनलाच साखळीने बांधून ठेवावा. नदीची पातळी वाढत असल्याचा इशारा आला की मोटर आणि चक माळ्यावर न्यावेत. स्पिंडलच्या पोकळीत ग्रीस लावलेला कापडाचा बोळा घट्ट बसवावा. पुन्हा चक चढवताना ते ग्रीस थिनरने पूर्ण काढायला विसरू नये.

चक पाण्यात गेलाच, तर तो तसाच सुकू देऊ नये. गाळ सुकला की आतला स्क्रू जाम होतो. उतरवून आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, मग रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून जबडे अनेकदा आत-बाहेर करावेत. तरीही खरखर राहिली तर चक पूर्ण खोलून साफ करून घ्यावा. सगळे करूनही डायलचा आकडा आधीच्या नोंदीच्या दुप्पट झाला, तर त्या चकाला बारीक कामातून निवृत्त करावे.

जुना चावीचा चक मोडीत देण्याची घाई नसावी. मशीन मोर्स टेपरचे असेल, तर त्या चकाला स्वतःचा आर्बर घेऊन तो बाजूला तयार ठेवावा आणि नवी चावी दोरीने मशीनला बांधावी. टॅपिंग, होल सॉ आणि झटक्याची कामे त्याच्याकडे, मोजमापाची भोके आणि बारीक बिटे कीलेसकडे, अशी वाटणी केली की दोन्ही चक जास्त टिकतात. थेट टेपरच्या लहान मशीनवर अशी अदलाबदल वारंवार करणे शक्य नसते. तिथे टॅपिंगचे काम आठवड्यातून एक-दोनदाच येत असेल, तर कीलेस घेऊन टॅप हाताने, टॅप रेंचने मारावेत. रोज येत असेल, तर नवा चकही चावीचाच घ्यावा.